रंधा विकायचा का?

घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की खर्चाची वही नव्याने मांडली जाते. दूध, गॅस, वीज, मुलाची फी, सासूबाईंची औषधं, घराचा हप्ता. या ओळींना कोणी हात लावत नाही. पानाच्या तळाशी एक ओळ असते, तिला धड नाव नसतं. कोणी तिला 'इतर' म्हणतं, कोणी 'किरकोळ', कोणी 'हौस'. कात्री चालते ती तिथून. मी पतसंस्थेत नोकरी करते. कर्ज मागायला येणाऱ्या माणसांच्या जमाखर्चाचे कागद रोज माझ्या टेबलावर येतात आणि त्यातली ही शेवटची ओळ मला न बघताही सांगता येते. कोणाचा तबल्याचा क्लास, कोणाचं गिर्यारोहण, कोणाची मासिकाची वर्गणी. माझ्या घरच्या वहीत ती ओळ सुतारकामाची होती.

नवरा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत आहे. ऑर्डरी कमी झाल्या, आधी ओव्हरटाइम गेला, मग पाळ्या कमी झाल्या, मग पगार तुकड्यातुकड्याने व्हायला लागला. त्याच सुमारास मुलाचा डिप्लोमा संपला आणि इंजिनिअरिंगच्या डिग्रीची फी समोर उभी राहिली. कोल्हापूर परिसरातल्या फाउंड्रीवर पोट असलेल्या घरांना हे चढउतार नवे नाहीत. मोटारींचा, पंपांचा, ट्रॅक्टरचा बाजार मंदावला की त्याची धग थेट इथल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचते. नातेवाइकांत बोलणं सुरू झालं आणि नणंदेने मायेनेच विचारलं, "वहिनी, ते लाकडाचं आता बंदच ना?" प्रश्नात खोच नव्हती. तिच्या लेखी ते ठरल्यासारखंच होतं. मला मात्र ते ठरवायचं होतं, आणि नीट ठरवायचं होतं.

हे काम मला वडिलांकडून आलं. आण्णा पॅटर्नमेकर होते. बिडाचं ओतकाम करायचं तर आधी त्या वस्तूची प्रतिकृती लागते. ती वाळूत दाबून साचा तयार करायचा आणि त्या पोकळीत वितळलेला रस ओतायचा. ही प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एके काळी असे कारागीर गल्लोगल्ली होते. पंपाचं आवरण असो की इंजिनाचा भाग, लोखंडात उतरण्याआधी तो त्यांच्या हातून सागवानात किंवा पाईनमध्ये उतरलेला असायचा. आता पॅटर्न संगणकावर काढतात, मशिनवर ॲल्युमिनियममध्ये नाहीतर रेझिनमध्ये कोरतात, आणि लाकडावर हात चालवणारे पॅटर्नमेकर थोडे उरलेत.

आण्णांची एक पोलादी पट्टी माझ्याकडे आहे. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित लांब आहे. वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, फुटाला साधारण १/८ इंच. पोलाद आकसतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून पॅटर्न मुळातच तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशोब करत बसण्यापेक्षा पॅटर्नमेकर अशी श्रिंकेजची पट्टीच वापरतो. बिडाची वेगळी, ॲल्युमिनियमची वेगळी. लहानपणी मी शाळेची पट्टी तिच्याशेजारी ठेवून दोन्हींच्या रेघा जुळवायची. पहिल्या इंचाला फरक कळत नाही. बाराव्या इंचाला तो डोळ्यांत भरतो. वस्तू आकसणार हे आण्णांनी गृहीतच धरलेलं असे. त्यात त्यांना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही, आकसण्याची सोय मापातच केलेली असायची. पगार आकसला तेव्हा मला त्या पट्टीचा फार आधार वाटला.

आण्णा गेल्यावर त्यांची हत्यारं माझ्याकडे आली, कारण भावाला त्यात रस नव्हता. दोन रंधे, पटाश्यांचा संच, गुण्या, गिरमिट, दोन करवती, कानशी. मागच्या गॅलरीत मी एक जाड फळीचं टेबल उभं केलं, त्याला व्हाइस बसवला आणि हळूहळू शिकत गेले. पुढे पगार चांगला चालू होता तेव्हा एक टेबल सॉ आणि लाकडात खाचा पाडणारा एक राउटर घेतला. सासूबाईंच्या देव्हाऱ्यासाठी चौरंग झाला, मुलाचं पुस्तकांचं शेल्फ झालं, जेवायला पाट झाले. हे सगळं घरात रोज वापरात आहे.

आता वहीकडे येते. छंदाने पैसे वाचतात, असं छंद असलेली माणसं म्हणतात. ते खरं नाही, आणि निर्णय घ्यायचा तर सुरुवात इथून केली पाहिजे. लाकूड घनफुटावर विकतात. बारा इंच लांब, बारा रुंद, बारा उंच, म्हणजे १७२८ घन इंच. अठरा इंच बाय चौदा इंचाचा, इंचभर जाडीचा पाट घ्या. वरच्या फळीला २५२ घन इंच लाकूड लागतं, खालच्या दोन आडव्या पायांना ८४ च्या आसपास. एकूण ३३६ म्हणजे घनफुटाचा पाचवा हिस्सा. रंध्याने आणि करवतीने जे जातं ते वेगळं. चांगलं सागवान घनफुटाला चार हजाराच्या घरात धरलं तरी एका पाटाचं नुसतं लाकूड आठशे रुपयांचं होतं. आंब्याच्या लाकडाचा तयार पाट बाजारात त्याहून स्वस्त मिळतो. माझे तास मी धरलेलेच नाहीत. सागवान महाग आहे, ते महाग असायलाच हवं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं एक झाड कापण्याजोगं व्हायला कित्येक दशकं लागतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी तिकडूनच लाकूड गेलं. तेच लाकूड मी गॅलरीत पाटासाठी वापरायचं म्हटलं तर त्याची किंमत मोजावीच लागणार.

मग मी गेल्या काही वर्षांच्या पावत्या काढल्या आणि रकाने पाडले. एक लाकडाचा, एक हत्यारांचा आणि मशिनचा, एक किरकोळ सामानाचा, म्हणजे फेविकॉल, पॉलिश पेपर, चपडा, स्पिरिट. बेरजा केल्यावर जे दिसलं त्याने माझा प्रश्नच बदलला. जवळजवळ सगळा पैसा पहिल्या दोन रकान्यांत होता, आणि त्यातलाही मोठा भाग पुढे कधीतरी करायच्या वस्तूंसाठी गेला होता. डायनिंग टेबल करायचं म्हणून घेतलेल्या फळ्या, मोठं कपाट करायचं म्हणून घेतलेलं मशिन. प्रत्यक्ष काम करताना, म्हणजे संध्याकाळी तासभर टेबलापाशी उभी असताना, खर्च होतो तो पॉलिश पेपरच्या एखाद्या तावाचा आणि थोड्या फेविकॉलचा. पैसा जातो तो बेतांवर, आणि करणं जवळजवळ फुकट असतं. पतसंस्थेत आम्ही कर्जदाराला सांगतो की भांडवली खर्च आणि चालू खर्च एकाच ओळीत लिहू नका. 'सुतारकाम' या एका शब्दाखाली माझे दोन्ही खर्च एकत्र पडले होते, आणि ते वेगळे केल्यावर सोडावं की धरावं हा प्रश्न तसा उरला नाही. काय सोडावं आणि काय धरावं, एवढाच उरला.

या वळणावर प्रत्येक जण एक सल्ला देतो, "एवढं छान करतेस तर विक ना!" या सल्ल्यावर मी मनापासून विचार केला, कारण पैशाची गरज खरी होती. तो मी का मानला नाही, ते सांगते.

आमच्या भागात एक सुतारमामा आहेत. पिढीजात सुतार. गावगाड्यात सुतार बारा बलुतेदारांतला. नांगर, कुळव, पाभर करायची आणि दुरुस्त करायची, आणि सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावरून आपला धान्याचा वाटा न्यायचा. ती व्यवस्था गेली. लाकडी औतांच्या जागी लोखंडी आली आणि मग ट्रॅक्टर आला. सुतार शहरात येऊन प्लायवूड आणि सनमायका लावायला लागले. मामाही त्यांतले. केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्यात अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यांत आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपयांची मदत त्यात मिळते. मामांच्या अर्जाची कागदपत्रं मीच लावून दिली. त्या दिवशी मी त्यांना सहज म्हटलं, मी चार पाट करून विकले तर कसं वाटेल तुम्हाला? ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, तुमास्नी पगार हाय. तुमी मजुरी न धरता द्येशीला. मग मी मजुरी धरून सांगितली की गिऱ्हाईक म्हननार, त्या बाई तर निम्म्यात देत्यात. मी कशात बसवू सांगा."

हे त्यांनी सांगेपर्यंत मला सुचलं नव्हतं, आणि ऐकल्यावर ते विसरता आलं नाही. हौशी माणसाला आपले तास फुकट वाटतात. बाजारात ते फुकट तास घेऊन गेलं की ज्याचं पोट त्या तासांवर आहे त्याचा भाव पडतो. मजुरी पूर्ण धरून विकायचं तर मामांइतका वेग हवा. त्यांचा हात एका पाटाला जेवढा वेळ घेतो, त्याच्या कितीतरी पट माझा घेतो. म्हणजे पुरा भाव मला मिळणार नाही आणि कमी भाव मी लावू नये. शिवाय विकायला लागले की गिऱ्हाइकाची तारीख येते, गिऱ्हाइकाची आवड येते, उशिराचा फोन येतो. दिवसभर मी तारखांचंच काम करते. हप्त्याची तारीख, व्याजाची तारीख, नोटिशीची तारीख. संध्याकाळच्या तासातही तेच आणायचं असेल तर छंद सोडलेला बरा. तशी विक्री सोडण्याचाच एक प्रकार आहे, फक्त त्याला कमाई म्हणतात.

मग धरायचं ते काय? हे ठरवताना मला दोन गोष्टींची मदत झाली. एक जवळची आहे आणि एक दूरची.

जवळची मिरजेची. मिरजेत सतार आणि तंबोरे करणारी घराणी आहेत, तिथला तंबोरा देशभरच्या गवयांच्या बैठकीत असतो. ही मंडळी मूळची शिकलगार. तलवारी, भाले, ढाली यांना धार लावायची, त्यांची निगा राखायची हा त्यांचा व्यवसाय. इंग्रजी अंमल आला, संस्थानांच्या फौजा नावापुरत्या राहिल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग वाद्यं घडवण्याकडे वळले. पंढरपूरकडचा भोपळा आणि त्याला जोडलेलं लाकूड यांतून त्यांनी तंबोरा उभा केला. धातू आणि धारेवर बसलेली नजर लाकडाच्या वळणावर आणि तारांखालच्या घोडीची जवारी काढताना कराव्या लागणाऱ्या घासणीवर बसली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाजार गेला तरी नजर आणि हात त्यांच्यापाशी राहिले होते. ते राहिले म्हणूनच पुढचं घडलं.

दूरची गोष्ट जॉर्ज नाकाशिमांची. अमेरिकेत जन्मलेले जपानी वंशाचे वास्तुविशारद. १९३० च्या दशकात ते पाँडिचेरीला अरविंद आश्रमात राहिले आणि तिथल्या गोलकोंडे या इमारतीचं काम त्यांनी पाहिलं. १९४२ मध्ये, युद्धकाळात, अमेरिकी सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत हलवलं. नाकाशिमा, त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी आयडाहो राज्यातल्या मिनिडोका छावणीत गेले. ओसाड माळ आणि घाईने उभारलेल्या बराकी. तिथे त्यांना जपानी पद्धतीचं सुतारकाम शिकलेला एक कारागीर भेटला, गेंतारो हिकोगावा. बांधकामातून उरलेले तुकडे आणि माळावरची खुरटी झुडपं, एवढंच लाकूड त्यांच्याकडे होतं. त्या तुकड्यांवर नाकाशिमा हिकोगावांकडून सांधे शिकले, धार लावायला शिकले, एका फटीसाठी पुन्हा पुन्हा तासायला शिकले. पुढे पेनसिल्व्हेनियात त्यांनी कार्यशाळा काढली आणि ते विसाव्या शतकातल्या मोठ्या फर्निचर-कारागिरांत गणले गेले. १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन त्यांनी तिथेही फर्निचर केलं. माझी ओढाताण त्यांच्या हालअपेष्टांच्या जवळपासही जात नाही, तशी तुलना करणं गैर ठरेल. मी त्यातून घेतलं ते इतकंच की चांगलं लाकूड हाताशी नसतानाही शिकणं थांबत नाही.

उरलेल्या तुकड्यांची वाट माझ्यापाशीही होती. कोल्हापुरात ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी त्रेचाळीस. सुतारवाडा, दसरा चौक, लक्ष्मीपुरी, शाहूपुरीचा सखल भाग सगळा पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर गल्लीगल्लीत सामानाचे ढीग लागले. प्लायवूडची कपाटं पुस्तकासारखी पानंपानं सुटली होती, सनमायका उलगडून आला होता. त्या ढिगांत जुन्या सागवानी चौकटी आणि खिडक्यांच्या झडपाही होत्या. गाळाने माखलेल्या, पण आतून शाबूत. पतसंस्थेतल्या एका सहकाऱ्याच्या घरची खिडकी आणि दोन चौकटी त्यांनीच मला बोलावून दिल्या. घर पुन्हा बांधताना ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसणार होत्या. ते लाकूड मी खाली पट्ट्या घालून, हवा खेळेल असं सावलीत रचून ठेवलं होतं. सवडीने बघू म्हणून ते तसंच राहिलं होतं. नवं लाकूड घ्यायचं नाही असं ठरल्यावर मी ते काढलं.

जुन्या लाकडावर काम करायला वेगळाच धीर लागतो. आधी खिळे शोधायचे. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फळीवरून हळू फिरवायचं, जिथे ते ओढ घेतं तिथे खडूने खूण करायची. खिळ्याभोवतीचं लाकूड काळवंडलेलं असतं, डोकं गंजून गेलेलं असतं. म्हणून दोन्ही बाजूंनी पटाशीने थोडं कोरून जंबुऱ्याला पकड मिळवून द्यावी लागते. एक खिळा राहिला तर रंध्याच्या पात्याला खाच पडते आणि सगळी धार पुन्हा काढावी लागते. गाळाची बारीक वाळू रेषांत बसलेली असते, ती ताठ ब्रशने घासून काढावी लागते. सागवानात मुळातच वाळूसारखं कठीण द्रव्य असतं, त्यात ही भर. इतकं झाल्यावर पहिला रंधा मारला की वरचा राखाडी थर जातो आणि आतून हिरवट झाक असलेला तपकिरी रंग येतो, कातड्यासारखा तेलकट वास येतो. तो हिरवटपणा टिकत नाही. उजेडात ठेवलं की काही आठवड्यांत तो सोनेरी होत जातो. ज्या खिडकीने कितीतरी पावसाळे काढले, शेवटी पुराचं पाणी पाहिलं, तिच्या पोटात हा रंग तसाच होता.

आणि धार. या कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. जाड काचेच्या तुकड्यावर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवायचा, पटाशीचा उतार साधारण पंचवीस अंशांत घासायचा. घासता घासता मागच्या सपाट बाजूला बोट फिरवलं की पत्र्यासारखी बारीकशी कड लागते. ती पूर्ण रुंदीभर लागली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. मग बारीक पेपरवर अंशभर उचलून शेवटचे हात आणि कड काढण्यासाठी चामड्यावर दोन फेरे. धारदार पटाशी लाकडाच्या आडव्या टोकाला लावली तर चकचकीत काप येतो, बोथट असेल तर तिथे तंतू दबून मळकट दिसतात. इथे कोणाचं मत विचारावं लागत नाही. झालं की झालेलं दिसतं.

माझ्या लेखी उत्तर इथेच होतं. ओढाताणीच्या दिवसांत बहुतेक गोष्टी आपल्या हातात नसतात. फाउंड्रीला ऑर्डर कधी येईल, पगार कितव्या तारखेला होईल, फीची मुदत वाढेल का, यातलं काहीच मला ठरवता येत नव्हतं. दिवसभर मनात तेच घोळत राहतं आणि माणूस घरातल्यांवर डाफरायला लागतो. संध्याकाळच्या त्या तासात मात्र कुसू, म्हणजे सांध्यासाठी तासलेलं लाकडाचं टोक, खाचेत नीट बसतो की नाही हे पूर्णपणे माझ्या हातात असतं. जास्त घट्ट असेल तर केसभर तासायचं, सैल झालं तर पातळ ढलपी चिकटवून पुन्हा करायचं. तासाभराने मी स्वयंपाकघरात जाते ती जरा बऱ्या मनाने. पैसा मुबलक असतो तेव्हा हा तास नसला तरी चालून जातं. पैसा नसतो तेव्हाच तो लागतो, आणि नेमका तेव्हाच तो आधी कापला जातो.

बायकांच्या बाबतीत हे जास्त खरं आहे. रविवारचं मटण, तालमीची वर्गणी, फुटबॉलच्या मॅचचं तिकीट या गोष्टी कोल्हापूरच्या घरात हौस म्हणून लिहिल्या जात नाहीत, त्या रीतीत मोडतात. मला त्यांच्यावर कात्री चालवायची नाही, त्याही माणसाला उभं ठेवतात. पण बाईचा तास तेवढा हौसेचा, आणि तो सोडला तर समजूतदारपणा, ही वाटणी मला मान्य नाही. आईने गाणं सोडलं, सासूबाईंनी भरतकाम सोडलं, आणि ते सोडणं हा एक निर्णय होता हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्या वर्षांत किती पैसे वाचले, हे आज घरातलं कोणीही सांगू शकणार नाही.

नवऱ्याशी बोलणं झालं तेव्हा तो म्हणाला, "तुझं आहे ते, तूच ठरव." मी म्हटलं, "असं नको. पैसा घराचा आहे, तो दोघांनी बसून ठरवू. तास माझा आहे, तो मी ठरवीन." त्याप्रमाणे आम्ही वही पुढ्यात घेतली. टेबल सॉ आणि राउटर विकायचे. ते विकले, निम्म्याच्या आसपास किंमत आली, ती फीच्या पहिल्या हप्त्यात गेली. डायनिंग टेबलासाठी घेतलेल्या फळ्या सुतारमामांनी बाजारभावाने घेतल्या, त्यांच्याकडे त्यांना गिऱ्हाईक होतं. नवं लाकूड घ्यायचं नाही, पगार नियमित होईपर्यंत तरी. पॉलिश पेपर आणि फेविकॉलसाठी महिन्याला छोटी रक्कम, वहीत 'सुतारकाम' असं स्पष्ट नाव लिहून, औषधांच्या आणि विजेच्या ओळीशेजारी. आण्णांची हत्यारं विकायची नाहीत. हे मी सांगण्याआधी नवऱ्यानेच लिहिलं.

मशिन गेल्यापासून काम सावकाश होतं. फळी हाताने चिरायची, रंध्याने जाडी काढायची. टेबल सॉवर ज्याला पाच मिनिटं लागत त्याला संध्याकाळ जाते. घाई करण्यासारखं काही नसल्याने मला ते खुपत नाही. पुराच्या खिडकीच्या चौकटीतून एक छोटा स्टूल झाला. त्याचे सांधे मशिनवर केलेल्या जुन्या शेल्फाच्या सांध्यांपेक्षा घट्ट आहेत, कारण प्रत्येक कुसू हाताने बसवलेला आहे. सहकाऱ्याला मी तो देऊ केला. त्यांनी घेतला आणि नव्या घरात ठेवला.

सगळ्यांनी माझ्यासारखंच करावं असं मी म्हणणार नाही. हातउसने घेऊन लाकूड आणावं लागत असेल, पावत्या लपवाव्या लागत असतील, मुलाची फी किंवा कोणाचं औषध थकत असेल, तर तो छंद काही काळ पूर्ण थांबवावा, त्यात कमीपणा नाही. काही छंद मुळातच असे असतात की पैसा काढला तर काहीच उरत नाही, त्यांचं गणित निराळं. पण हाताने करायच्या बहुतेक कामांत उरतं. विणणारीला जुना स्वेटर उसवून पुन्हा विणता येतो, गाणाऱ्याला तंबोऱ्याशिवाय रियाज करता येतो, बागवाल्याला फांदी लावून झाड वाढवता येतं.

म्हणून ज्यांच्या घरी सध्या वही उघडी आहे त्यांना माझं एक सांगणं आहे. शेवटच्या ओळीवर काट मारण्याआधी ती ओळ फोडून लिहा. वस्तूंचा खर्च एका बाजूला, करण्याचा वेळ दुसऱ्या बाजूला. वस्तू निम्म्या करा, चौथाई करा, वेळ पडली तर शून्यावर आणा. विकण्यासारखं असेल ते विका. वेळ मात्र तुमच्या नावावर ठेवा, आणि तो ठेवलाय हे घरात मोकळेपणाने सांगा. ते एकदा सांगितलं की पुढचं सोपं जातं.